मुरबाडचे गाभण बैल

२४ नोव्हेंबर, सोमवार

झालं एकदाचं. काल दुपारी संघाचा सगळा डेटा जुन्या डेटाबेसमधून नव्यात गेला. एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमांच्या, एक्केचाळीस फायली, एकामागून एक. टूल भोईर सरांनी स्वतः लिहिलेलं. फाइल चालली की स्क्रीनवर हिरव्या अक्षरात एकच शब्द: यशस्वी. एक्केचाळीस वेळा यशस्वी. सरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, मागे पूजेला लावतात तसलं संगीत टाकलं.

संघ मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतल्या जनावरवाल्यांचा, सभासदांचं दूधही तोच घेतो. गाय, म्हैस, बैल, प्रत्येकाच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. नंबर टाकला की मालक कोण, लस कधी, गाभण आहे की नाही, सगळं दिसायला हवं. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा, आणि यंदा संघ जनावरांच्या बाजारातच टेबल टाकून छापील दाखले देणार आहे. म्हणून ही धावपळ.

सरांनी पेढे आणले. आमची कंपनी म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली, तीन माणसं. अर्धा किलो पेढे. सर गिऱ्हाइकांशी बोलतात, प्रसाद जुन्या एक्सेल निवडतो, मी एसक्यूएल लिहिते. दोन पेढे उरले ते आईला नेले. आई म्हणाली, "कसले?" म्हटलं, नऊ हजार जनावरं नव्या घरात गेली. "चालत?" म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

साडेनऊला फोन. मुरबाडकडचे रामभाऊ पष्टे. आवाज एकदम शांत.

"बाई, संघाचा मेसेज आलाय. वाचू?"

वाचा म्हटलं.

"अभिनंदन. आपले जनावर गाभण आहे. खुराक वाढवावा. ओझे देऊ नये."

अरे वा, म्हटलं.

"वा काय? सरदार हाय तो. बैल हाय."

नंबर चुकून वाचला असेल तुम्ही, म्हटलं. म्हणाले, कान धरूनच बोलतोय. मग जरा थांबून, हळूच: "तुमाला तिकडून काय वेगळं दिसलं काय त्याच्यात?"

मी म्हटलं बघते. एकच केस असेल.

दुपारपर्यंत अकरा फोन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सगळे फोन मुरबाडचे. शहापूरचा एकही नाही. शहापूरचे बैल अजून बैलच आहेत.

संघाचे सचिव तात्या सकाळीच जिना चढून आले. तात्या मुरबाडचे, त्यामुळे त्यांना ते जास्त लागलं. "शहापूरवाले हसतात आमाला. चहाच्या टपरीवर विचारतात, बारसं कधी."

सरांनी मेसेज जाणारी सोय बंद केली. ते त्यांना जमतं, एक बटण आहे.

तात्यांनी विचारलं, चूक कुठे झाली. मी लगेच म्हटलं, जुन्या एक्सेलमध्येच घाण असणार. प्रसाद मान खाली घालून बसला होता. वर बघितलं नाही त्याने. एक्सेल त्याच्याकडे, म्हणजे... बरोबरच आहे की. माझ्या एक्केचाळीस फायली तर यशस्वी आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सोपं काढलं. एका ओळीचं काम: जिथे लिंग 'नर' असेल तिथे गाभण पुसून टाक. टूलमधून चालवलं. यशस्वी.

तात्यांना फोन केला, झालं म्हणून. रामभाऊंना फोन केला. रामभाऊ म्हणाले, "दोन दिवस नांगराला नव्हता जुंपला. ओझं देऊ नये लिवलेलं ना." म्हटलं आता जुंपा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुसलं नाही!

तात्यांनी सकाळी स्वतः नंबर टाकून बघितला. सरदार अजून गाभण. मुरबाडचा एकूण एक बैल गाभण. सर माझ्यावर ओरडले, तात्या सरांवर ओरडले, खालचा बियाणेवाला वर बघायला आला.

मी स्क्रीन दाखवली. हे बघा, यशस्वी लिहिलंय. तात्या म्हणाले, "पोरी, माझ्या नातवाच्या प्रगतिपुस्तकावर पण 'उत्तम' लिवलंय. त्याला बे एके बे येत नाय."

तासभर डोकं खाजवून सापडलं. नव्या सिस्टीममध्ये लिंग 'नर' असं नाहीच, एका अक्षराचा कोड आहे. मी 'नर' शोधत होते. 'नर' शून्य. शून्य जनावरांचं गाभणपण पुसलं गेलं, आणि त्यात काही अडचण आली नाही, म्हणून यशस्वी.

टूलला फक्त एवढंच कळतं: चालताना आपटलं का? नाही ना? मग हिरवं. एका जनावराची एक ओळ; शून्य ओळी बदलल्या तरी हिरवं, नऊ हजार बदलल्या तरी हिरवं. आणि नंतर टूलचा कोड उघडून बघितला तर त्याहून भारी. आपटलं तरी चूक गिळायची आणि पुढे जायचं, अशी सोय सरांनी करून ठेवलीय. शेजारी सरांचीच टीप: 'गिऱ्हाइकासमोर लाल दिसू नये.'

म्हणजे एक्केचाळीस यशस्वींत काय काय झालंय देव जाणे. ते कळेपर्यंत आता कशालाच हात लावायचा नाही असं ठरलं.

३० नोव्हेंबर, रविवार

घरी. आई आशा सेविका आहे, दर रविवारी तिची वही पसरून बसते. मी म्हटलं, तू नुसतं 'लसीकरण झालं' असं का लिहीत नाहीस? एवढे रकाने कशाला?

चष्म्यावरून बघितलं तिने. "झालं म्हंजे काय? चौदा पोरं होती. अकराला डोस दिला. एक तापानं राहिलं, दोन मामाकडं गेलेली. नुसतं झालं लिवलं तं त्या तिघांकडं परत कोण जाईल?"

मी पाठकोऱ्या कागदावर रकाने मारले. कोणती फाइल. त्यातलं कितवं वाक्य. वाक्य जसंच्या तसं. किती ओळी बदलायला हव्या होत्या. किती बदलल्या. किती वेळ. चूक आली तर ती काय. कोणी चालवलं.

आई म्हणाली, "आता कसं."

१ डिसेंबर, सोमवार

सरांना कागद दाखवला. प्रत्येक वाक्याचा निकाल टूलने लिहून ठेवायचा. लॉग.

सर: "वैशाली, हिरवं दिसलं की माणूस घरी जातो. आकडे दिसले की प्रश्न विचारतो."

मी: सर, विचारू देत ना.

सर: "उत्तर कोण देणार?"

नाही म्हणाले. वर म्हणाले आहे त्यातच नीट बघून काम कर. कसं बघू? दिसतच नाही काही.

प्रसाद डबा घेऊन जिन्यात जेवला.

३ डिसेंबर, बुधवार

तात्यांनी परत जिना चढला. खुर्चीवर बसलेच नाहीत. "मला कागद पायजे. काय केलं, किती जनावरांवर केलं. कमिटीसमोर ठेवायला. तोंडी आता कोन ऐकत नाय."

तात्या गेल्यावर सर पाच मिनिटं खिडकीतून खाली बघत होते. मग म्हणाले, "मी विचार करत होतो, आपण टूलमध्ये एक लॉग का टाकत नाही?"

मी म्हटलं छान कल्पना आहे सर.

५ डिसेंबर, शुक्रवार

लॉग लिहिला. जरा जास्तच लिहिला.

जुन्या डेटाबेसच्या कॉपीवर चालवून बघितलं. मी सांगितलं होतं सगळं लिही, त्याने सगळं लिहिलं. प्रत्येक जनावराची प्रत्येक गोष्ट, आधी काय होती, नंतर काय झाली. वीस मिनिटांत डिस्क भरली, सरांचा कॉम्प्युटर गोठला. त्यात त्यांच्या मुलीचे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो अर्धे उतरत होते. मी काही बोलले नाही, लॉगही त्याबद्दल काही बोलत नाही.

त्यात संघाच्या गुरांच्या डॉक्टर शेलार मॅडम आल्या होत्या. स्क्रीन वाचून म्हणाल्या, "यात लोकांचे मोबाइल नंबर कशाला? उद्या ही फाइल कोणी व्हॉट्सॲपवर टाकली तर?" बरोबर आहे. नावं, नंबर काढले. आकडा पाहिजे, माणूस नको. फक्त जिथे अडलं तिथे बिल्ल्याचा नंबर तेवढा.

९ डिसेंबर, मंगळवार

आता आटोपशीर झालाय. एका वाक्याला एक ओळ. किती बदलायला हव्यात तो आकडा जुन्या डेटाबेसमध्ये मोजून. सर अजून 'यशस्वी' सोडायला तयार नाहीत, म्हणून शब्द ठेवलाय, पण शेजारी आकडा. 'यशस्वी, ० ओळी' हे वाचताना कसं वाटतं ते त्यांनाच कळू दे.

प्रसाद दोन आठवडे जुन्या एक्सेल परत वाचतोय. पट्टी ठेवून, एकेक ओळ. नऊ हजार. मी विचारलं काही सापडलं का, तर म्हणाला, "अजून नाय." डोळे लाल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज जुन्याच्या कॉपीवर एक्केचाळीस फायली परत चालवल्या, लॉगसकट. दुपारी जेवून बसले वाचायला.

फाइल सतरा, वाक्य तिसरं. बदलायला हव्यात ६१२. बदलल्या ४,४०६.

वाक्य जसंच्या तसं छापलेलं. मराठीत सांगायचं तर असं: मादी असेल, आणि तपासणी 'होय' असेल, आणि तालुका शहापूर असेल, किंवा तालुका मुरबाड असेल, तर गाभण लिही.

'किंवा तालुका मुरबाड.' कंस नाही. मशीनने अगदी बरोबर वाचलं. शहापूरची असेल तर मादी हवी, तपासलेली हवी. मुरबाडची असेल तर मुरबाडची असणं पुरेसं आहे.

आणि वाक्याच्या शेवटी टीप, तीही छापलीय: 'वै. २१ नोव्हें.'

वै. म्हणजे मी. आठवलं सगळं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या एसटीसाठी निघाले होते, तात्यांचा फोन, "मुरबाड राहिलं नाय ना?" राहिलं होतं. पर्स खांद्याला लावूनच शेवटी चिकटवलं. टीप टाकायची शिस्त मात्र पाळली. नको तिथे शिस्त.

एक्सेल स्वच्छ आहे. प्रसादच्या एक्सेलमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

कोणाला बोलले नाही. डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले.

१३ डिसेंबर, शनिवार

टीप काढून टाकता येईल. फाइल उघडायची, दोन अक्षरं नि एक तारीख पुसायची, परत चालवायचं. लॉगमध्ये वाक्य दिसेल, नाव दिसणार नाही. मग ते कोणीही लिहिलं असेल. माझ्या आधी इथे होता त्या प्रोग्रामरच्या जुन्या फायलीतून आलं असेल, तो तर आता परदेशात आहे, त्याला काय कळणार.

भांडी घासली. आईने विचारलं डोकं कसं आहे. बरं आहे म्हटलं. बरं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

सर आधी आले होते, त्यांनाच पहिल्यांदा कागद दाखवला. त्यांनी वरून खालपर्यंत वाचला. "यात माझं नाव कुठे नाही ना?" नाही म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि चहा सांगितला. सरांचं मला कधी कधी कौतुक वाटतं.

प्रसाद आला. त्याच्या टेबलावर कागद ठेवला. म्हटलं, माझं आहे. तुझं काहीच नव्हतं. तात्यांसमोर मी तुझ्या एक्सेलवर ढकललं ते चुकलं.

त्याने वाचलं. आकड्यांवर बोट ठेवून, सवयीप्रमाणे. मग पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

"मी घरी सांगून बसलोय, नोकरी जाईल बहुतेक," म्हणाला. "आईने आसनगावला मामाच्या दुकानात बोलून पण ठेवलं."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"सही कर," म्हणाला.

कशावर?

"कागदावर. आणि तात्यांना तू सांगायचं. मी बाजूला उभा राहणार."

सही केली. तात्यांना फोन लावला, तो बाजूला उभा राहिला, हाताची घडी घालून. तात्या ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे माझ्या फोनमुळं बैल गाभण राहिले?" म्हटलं, तसं नाही तात्या. "आसंच होतं ते," म्हणाले. "कमिटीत हे सांगू नको."

प्रसाद हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. लगेच आवरलं, पण हसला.

१७ डिसेंबर, बुधवार

खरी दुरुस्ती. यावेळी अट घातली: अपेक्षित आकडा आधी लिहायचा, आणि बदललेल्या ओळी तेवढ्याच भरल्या तरच पक्कं करायचं, नाहीतर सगळं मागे फिरवायचं. आकडा प्रसादने काढला, त्याच्या एक्सेलवरून. मी त्याला दोनदा विचारलं नाही.

चालवलं. हव्यात ३,७९४. बदलल्या ३,७९४.

सरांनी हळूच व्हिडिओ काढला.

सरदार बैल झाला. रामभाऊंना कळवलं तर म्हणाले, "आता तुमी काय पन म्हना, गावात त्याला बाळंतीणच म्हनतात."

१९ डिसेंबर, शुक्रवार

लॉगचं पहिलं पान कधी नीट वाचलंच नव्हतं, सतराव्या फाइलच्या भानगडीत. आज वाचलं. फाइल चार, जनावरं नव्यात घालणे. हवीत ९,३१८. गेली ९,३१७.

एक राहिलंय.

चूक छापलीय, त्या दिवशी टूलने गिळलेली: एकाच बिल्ल्याची दोन जनावरं. जुन्या सिस्टीमला चालायचं, नवीला चालत नाही. पहिलं आत घेतलं, दुसरं बाहेर ठेवलं. मालकीण एकच. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची सोमीबाई.

शेलार मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, रविवारी त्या बाजूला जातेच आहे, चल.

२१ डिसेंबर, रविवार

मॅडमच्या गाडीवर डोळखांब, पुढे चालत. नाचणी कापून झालेली, वरकस, म्हणजे उताराची जमीन, उघडी पडलेली. सोमीबाई साठीच्या, एकट्याच, भाताच्या उडव्याजवळ पेंढा बांधत होत्या. गोठ्यात एक तांबडी गाय. कानात काही नाही. गळ्यात मात्र सुतळी, सुतळीत घंटी, आणि घंटीशेजारी पिवळा बिल्ला.

मॅडम म्हणाल्या, "अहो, हा कानात असतो."

"हिच्या कानातला नाय तो," सोमीबाई म्हणाल्या. "काळीच्या कानातला. काळी मेली भादव्यात. नंबर कशाला वाया घालवायचा?"

मग सगळं कळलं. ही तांबडी बहिणीने दिलेली कालवड, दिवाळीच्या सुमाराला आणलेली. लस द्यायला आलेल्या माणसाने गळ्यातला नंबर बघून नवीन जनावर म्हणून नोंद घातली. एका नंबराच्या दोन गायी. नव्या सिस्टीमने पहिली घेतली. म्हणजे मेलेली काळी आत ठणठणीत आहे, तिला लस पण दिलेली आहे. जिवंत तांबडी कुठेच नाही.

मॅडमनी तांबडीच्या पोटाला हात लावून बघितलं. पाठीवर थाप मारली. "गाभण आहे."

अख्ख्या मुरबाडच्या बैलांना अभिनंदन गेलं, हिला नाही.

मी म्हटलं सोपं आहे, नवीन बिल्ला देऊ, काळीच्या पुढे मृत लिहू, तारीख टाकू. सोमीबाईंनी पेंढा खाली ठेवला.

"तारीक नको लिवू गो बाय."

का?

"भादव्यात काळी गेली, ही दिवाळीला आली. मधी माज्याकडं जनावर नाय. जनावर नाय तं संघाची मानूस नाय. नाव काडतात. परत घालायला मोटी सभा लागते. तवर दूद कोनाला घालू? इकडं दुसरा घेतो कोन?"

मॅडमनी हळूच मान हलवली. नियम तसाच आहे.

"म्हनून बिल्ला ठेवला," सोमीबाई म्हणाल्या. लाजून नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. आम्हाला काळा चहा दिला, तांदळाची भाकर दिली, आणि गाय विण्याआधी काय काय करायचं ते मॅडमकडून तीनदा विचारून घेतलं.



२३ डिसेंबर, मंगळवार

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "एक ओळ ना? नऊ हजारांत? काळीचंच वय कमी कर, रंग तांबडा कर. काम संपलं."

तसं केलं तर आकडा भरेल. लॉग पण म्हणेल यशस्वी, १ ओळ. आणि खोटं असेल.

प्रसादला विचारलं. तो म्हणाला, "मला विचारू नको. मी एक्सेलवाला."

मग पाच मिनिटांनी खुर्ची वळवून: "तारीख लिहिलीस तर बाई जाते. नाही लिहिलीस तर खोट्यावर सही तुझी, तू जातेस. कोण गेलेलं चालेल तुला?"

कोणीच नको जायला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

तात्यांना सगळं सांगितलं, फोनवर नाही, समोर बसून. म्हटलं लॉगमध्ये एक ओळ अडकलीय आणि ती मी खोटी सोडवणार नाही, पण खरी सोडवली तर सोमीबाईंचं नाव जातं.

तात्यांनी कपाळ चोळलं. "तुमचं ते आधीचं हिरवं बरं होतं," म्हणाले.

मग म्हणाले, जत्रा होऊ दे, मग कमिटीपुढे घेऊ. तोवर अशीच राहू दे. नियम बदलता येतो का बघू. बदलेलच असं नाही, तिथे दोन माणसं फार कडक आहेत.

३ जानेवारी, शनिवार

म्हसा. सकाळपासून बाजारात टेबल, मी आणि प्रसाद, मध्ये प्रिंटर. पलीकडे घोंगड्यांचे ढीग, पाळणे, धूळ. जनावरांची रांग बांधाच्या पलीकडे गेलेली. नंबर टाकायचा, दाखला निघाला की मालकाने वाचायचा, मग शिक्का.

प्रत्येक बैलवाला दाखला उलटसुलट करून बघत होता. "गाभण नाय ना लिवलं?" एकाने तर शहापूरचा असून विचारलं. आम्हाला पण होतं का बघा म्हणाला, राहून गेलं असेल.

दुपारी रामभाऊ सरदारला घेऊन आले. मी तो बैल पहिल्यांदाच पाहिला. केवढा! खांदा माझ्या डोक्याच्या वर. शिंगांना गोंडे. मागे पंधरावीस पोरं-माणसं, "बाळंतीण आली, बाळंतीण आली." सरदारला त्याचं काही नाही. रामभाऊ पण मजेत. त्यांनी दाखला मोठ्याने वाचून घेतला प्रसादकडून: "नर. गाभण: लागू नाही."

"लागू नाही," रामभाऊ म्हणाले. "हे झ्याक लिवलंय."

विकायला आणलाय का विचारलं. म्हणाले आणला होता. पण सकाळपासून जो येतो तो बघून हसतो, पाठीवर हात फिरवतो, फोटो काढतो. किंमत कोणी विचारतच नाही. "आता वाटतं, नको इकायला. येवढं नाव कुटल्या बैलाचं हाय?"

सोमीबाई आल्या नव्हत्या. तांबडीचं पोट आहे, कशा येणार. पण बहीण आली होती त्यांची, मुरबाडची. टेबलाशी थांबून माझ्याकडे बघून गेली. "तीच का तू, लिवनारी?" एवढंच.

५ जानेवारी, सोमवार

दाखले दिले ते सगळे मोजले, लॉगशी जुळले. एकही परत आला नाही. सरांनी संघाला पत्र तयार केलंय, पुढच्या कामासाठी. त्यात एक परिच्छेद लॉगवर आहे. 'आमच्या संस्थेची पहिल्यापासूनची पद्धत.' प्रसादने तो मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

अडकलेली ओळ तशीच आहे.

कमिटी शुक्रवारी. तात्या म्हणाले, बाईला बोलाव. समोर बसून सांगू दे.

९ जानेवारी, शुक्रवार

संघाच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहितेय. अकराची वेळ होती, सव्वाबारा झाले. आत आधी दुसरं काहीतरी चाललंय, टाळ्या ऐकू आल्या एकदा.

शेजारी सोमीबाई. पहिल्या एसटीने आल्यात. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत तो पिवळा बिल्ला आहे, सुतळीसकट. तांबडीच्या गळ्यातून काढून आणलाय. "द्यायचा असला तं देते. ठेवायचा असला तं परत बांधते," म्हणतात.

मी दोन्ही तयारी केलीय. दोन वाक्यं लिहिलीत लॅपटॉपवर. एकात काळीची तारीख आहे आणि तांबडीला नवा नंबर, सोमीबाईंचं सभासदत्व चालू. दुसऱ्यात तेच, पण सभासदत्व भादव्यापासून बंद. दोन्हींना अपेक्षित ओळी सारख्याच. कुठलंही चालवलं तरी आकडा बरोबर भरणार. इथे लॉग काही सांगू शकत नाही.

मघाशी मी त्यांना विचारलं, भीती वाटते का. "आत किती मानसं हायेत?" नऊ म्हटलं. "बाया?" शेलार मॅडम एकट्या, त्याही मत नसलेल्या. सोमीबाईंनी मान डोलावली, पिशवी मांडीवर घट्ट धरली.

एकदा म्हणाल्या, तांबडी आज सकाळपासून बसत-उठत होती. शेजारणीला सांगून आलेय. म्हटलं मग तुम्ही कशा आलात? "तू बोलावलंस ना."

तात्यांनी दार उघडलं. माझ्याकडे नाही बघितलं, थेट त्यांच्याकडे. "सोमीबाई, आत या."

त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, परत वळल्या.

"तू पन चल गो. लिवलंस तू. मी बोलीन, तू लिवलेलं वाच."

वही मिटते.